'नर्स्पी' मुळातून वाचण्याचा खटाटोप

रशियात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला रशियन भाषेवाचून गत्यंतर नसते. सुरुवातीची वर्षे वर्गात इंग्रजीवर निभावून नेता येतात. पण वॉर्डात जाऊ लागले, की काय दुखते, कधीपासून दुखते, हे रुग्णाला त्याला कळेल अशा भाषेत विचारावे लागते. मी ज्या चेबोक्सारी शहरात शिकले, तिथे तर रशियनही पुरत नाही. वोल्गेच्या उजव्या तीरावरचे हे शहर चुवाश प्रजासत्ताकाची राजधानी. चुवाश लोक त्याला शुपाश्कार म्हणतात. खेड्यापाड्यांतून दवाखान्यात आलेल्या वृद्ध स्त्रिया डॉक्टरांशी रशियनमध्ये बोलायला सुरुवात करतात आणि दुखणे असह्य झाले की नकळत चुवाशवर येतात. ही भाषा तुर्की कुळातली असली, तरी त्या कुळातल्या बाकीच्या भाषांपासून ती इतक्या पूर्वी फुटून निघाली, की शेजारच्या तातार माणसालाही ती समजत नाही. मी ती शिकायला घेतली ती निव्वळ रुग्णांशी चार वाक्ये बोलता यावीत म्हणून. पण ज्याला ज्याला मी हे सांगितले, त्याने मला एकाच पुस्तकाचे नाव घेऊन दाखवले, आणि ते म्हणजे कॉन्स्तान्तिन इवानोवचे 'नर्स्पी'.

हा इवानोव कोण, हे मराठी वाचकाला माहीत असण्याचे काही कारण नाही. त्याचा जन्म १८९० साली स्लाकबाश या गावी झाला. हे गाव तेव्हा उफा प्रांताच्या बेलेबेय तालुक्यात होते आणि आज ते रशियातल्याच बाश्कोर्तोस्तान प्रजासत्ताकात येते. म्हणजे चुवाशांचा हा सर्वांत मोठा लेखक आजच्या चुवाशियाच्या सीमेबाहेर जन्मला आणि वारलाही तिथेच, १९१५ च्या मार्च महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. 'नर्स्पी' हे दोन हजारांहून अधिक ओळींचे, चौदा प्रकरणांचे कथाकाव्य त्याने सतरा-अठराव्या वर्षी लिहिले आणि ते १९०८ मध्ये सिंबिर्स्क येथे चुवाश कथा-आख्यायिकांच्या एका संग्रहातून छापले गेले. चुवाशियात शाळेत गेलेल्या कोणत्याही माणसाला त्याच्या पहिल्या काही ओळी तोंडपाठ असतात. चेबोक्सारीतल्या चुवाश नाट्यगृहाला १९५९ पासून इवानोवचेच नाव आहे. ज्याचे एकही पूर्ण नाटक नाही अशा माणसाचे नाव नाट्यगृहाला का द्यावे, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता आणि पुढचे सारे वाचन काही अंशी त्या प्रश्नाभोवतीच होत गेले.

मूळ भाषा येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून आधी पेदेर खुझांगाय यांचा रशियन अनुवाद घेतला. खुझांगाय हे स्वतः चुवाशमधले मोठे कवी, त्यामुळे अनुवादकाच्या जाणकारीबद्दल शंका नव्हती. तरीही पहिल्या वाचनात माझ्या हाती लागले ते केवळ कथानक. सिल्पी नावाच्या सधन गावात मिखेदेर नावाचा श्रीमंत शेतकरी असतो. त्याची मुलगी नर्स्पी गरीब सेत्नेरवर प्रेम करते, आणि या सेत्नेरपाशी एक घोडा आणि म्हातारी आई यांपलीकडे काही नसते. बाप तिचे लग्न दुसऱ्या गावच्या ताख्तामान या वयस्क, धनवान माणसाशी ठरवतो. ती सेत्नेरबरोबर पळून जाते, दोघे पकडले जातात, तिला ताख्तामानच्या घरी पाठवले जाते. तिथला मार आणि संशय सोसून झाल्यावर ती नवऱ्याला जेवणातून विष घालते आणि रानात पळते. सेत्नेर तिला भेटतो, पण सुख चार दिवसांचे ठरते. दरोडेखोर तिच्या आईबापांना ठार मारतात, त्यांच्याशी झुंजताना सेत्नेर मरतो आणि नर्स्पी स्वतःला संपवते. शेवटच्या प्रकरणाचे शीर्षकच 'चार मृत्यू' असे आहे. एवढे वाचून मी पुस्तक मिटले आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मला ते फारसे भावले नव्हते. असले कथानक कोणत्याही भाषेत सापडते, असेच वाटले होते.

तरीही मूळ संहिता हाती घेतली, कारण भाषेचा सराव तर करायचाच होता. चुवाश वर्णमालेत सदतीस अक्षरे आहेत. त्यांतली तेहतीस रशियन आणि चार खास चुवाश. रशियन येणाऱ्याला ती अर्ध्या तासात ओळखता येतात, पण ओळखणे आणि वाचणे यांत बरेच अंतर आहे. दोन स्वरांच्या मध्ये, किंवा ल-सारखे व्यंजन आणि स्वर यांच्या मध्ये आलेले कठोर व्यंजन या भाषेत मृदू होते, मात्र लिहिताना ते कठोरच लिहितात. म्हणून शुपाश्कार असे लिहिलेले कानाला शुबाश्कार असे ऐकू येते, आणि सिल्पी गावाचे नाव रशियन पुस्तकांत सिल्बी असे छापलेले दिसते. आघाताचा नियम आणखी वेगळा आहे. शब्दात जो शेवटचा पूर्ण स्वर असेल त्यावर आघात येतो आणि सारेच स्वर ऱ्हस्व, दबलेले असतील तर तो पहिल्या अक्षरावर जातो. हा नियम डोक्यात बसला तरी जिभेवर बसायला फार वेळ लागला, आणि तो बसला तो माझ्या घरमालकीण आजींमुळे.

या आजी मूळच्या खेड्यातल्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या. मी त्यांना रशियन रिवाजाप्रमाणे नाव आणि पितृनाम घेऊन हाक मारत असे. चुवाश शिकू लागल्यावर त्यांनीच मला 'किनेमेय' म्हणायला सांगितले. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्या बटाटे सोलत बसत आणि मी समोर बसून मोठ्याने वाचत असे. अर्थ चुकला तर त्या काही बोलत नसत. पण ओळीत एक अक्षर कमी पडले किंवा जास्त झाले, की सोलणीची मूठ टेबलावर आपटून मला थांबवत. 'नर्स्पी'ची ओळ बहुतेक ठिकाणी सात अक्षरांची आहे, आणि आजींच्या कानाला ती सात अक्षरे इतकी सवयीची होती, की शब्दांकडे लक्ष नसतानाही चूक त्यांच्या बरोबर ध्यानात येई. अभंगाची अक्षरे बोटांवर मोजायला लहानपणी घरी शिकवलेल्या मला ही पद्धत लगेच ओळखीची वाटली. लघुगुरूचा हिशेब नाही, मात्रांचा नाही, अक्षरे भरली पाहिजेत एवढीच अट. पुढे १९२० च्या सुमारास मिखाईल सेस्पेल या कवीने चुवाश पद्याला आघातांवर आधारलेली नवी घडण दिली, पण इवानोवचे पद्य लोकगीतांच्या सात अक्षरांतूनच उभे राहिले आहे.

मोठ्याने वाचण्याचा एक परिणाम असा झाला, की काव्यात कोण बोलत आहे याकडे माझे लक्ष प्रथमच गेले. मनात वाचताना संवाद आणि निवेदन एकाच आवाजात वाहत होते. मोठ्याने वाचताना मला दर वेळी आवाज बदलावा लागे, आणि तो किती वेळा बदलावा लागतो हे पाहून मी थक्क झाले. पहिल्या प्रकरणात गावाचे आणि वसंताचे वर्णन आहे. मार्च संपत आला आहे, ऊन तापू लागले आहे, बर्फ वितळते आहे. हेच सर्वांना पाठ असते आणि शाळेत ते कंठस्थ करून घेतात. ते वर्णन सुरेख आहे यात वाद नाही. पण पुढे झऱ्यावर घोड्याला पाणी पाजायला आलेला सेत्नेर आणि नर्स्पी यांची भेट सुरू झाली, की कवी बाजूला होतो. तिथून पुढे लग्नाची बोलणी, देवऋषीचे घर, पळून जाणे, रान, आईबापांची आणि मुलीची समोरासमोर गाठ अशी एकेक प्रकरणे म्हणजे सरळ सरळ प्रवेश आहेत. स्थळ एक, माणसे मोजकी, कोणीतरी काहीतरी मागते आणि दुसरा नाकारतो. काव्यात एक प्रसिद्ध चिंतनपर भाग आहे. या जगात माणसाहून बलवान कोणी नाही, जमिनीवर आणि पाण्यावर तोच धनी आहे, पण पैसा आणि दारू त्यालाही वाकवतात, असा त्याचा आशय आहे. भाषणांतून आणि लेखांतून सर्वाधिक उद्धृत होतो तो हाच भाग. मला तो संपूर्ण काव्यातला सर्वांत सामान्य वाटतो, कारण तिथे कवी पात्रांवर विश्वास न ठेवता स्वतः बोलायला येतो. ताख्तामानच्या घरात मात्र तो असे करत नाही. तिथे नर्स्पी आहे, नवरा आहे, आणि नवऱ्याचा लहान पुतण्या सेन्ती आहे. या घरात तिची कणव येणारा तो एकटाच. एका घरात तीन माणसे ठेवून, त्यांतल्या सर्वांत दुबळ्याला सर्व काही दिसत असावे अशी योजना करणारा लेखक जन्मजात नाटककार असला पाहिजे, हे माझे मत त्या प्रकरणांपाशी बनले आणि अजून बदललेले नाही.

नाट्यगृहात 'नर्स्पी' पाहायला गेले तेव्हा हे मत घेऊनच गेले होते. इथले प्रयोग चुवाशमध्ये होतात आणि ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी रशियन अनुवाद कानाला लावायच्या हेडफोनमधून ऐकवतात. अनुवाद वाचणारी बाई नटांच्या किंचित मागे असते. त्यामुळे लग्नाच्या प्रवेशात विनोद झाला की सभागृहात हशाच्या दोन लाटा येतात. पहिली लाट मागच्या रांगांतून, खेड्यांहून आलेल्या मंडळींची, आणि दुसरी हेडफोनवाल्या शहरी तरुणांची, ज्यांतले बरेच जण नावाने आणि चेहऱ्याने चुवाशच असतात. २०१० च्या जनगणनेत रशियात स्वतःला चुवाश म्हणवणारे सुमारे १४ लाख ३६ हजार लोक होते. २०२१ मध्ये ते सुमारे १० लाख ६७ हजार उरले. भाषा बोलणाऱ्यांची स्थिती त्याहून नाजूक आहे. हे आकडे मला ठाऊक होते, पण दुसऱ्या लाटेचा आवाज पहिलीहून मोठा आहे हे त्या दिवशी ऐकले. मध्यंतरानंतर मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. सगळे समजले असे म्हणता येणार नाही, पण ओळी कानात होत्या, आणि नर्स्पीच्या डोक्यावरच्या कुमारिकेच्या 'तुख्या' टोपीच्या जागी विवाहितेचा 'खुश्पू' आला, तेव्हा त्यावरची चांदीची नाणी तिच्या प्रत्येक हालचालीबरोबर वाजत होती आणि तो आवाज कोणत्याच अनुवादात नव्हता.

इवानोवच्या मृत्यूचे कारण मला सुरुवातीपासून माहीत होते, पण त्याकडे वैद्यकाच्या नजरेने पाहिले ते क्षयरोगाचा विषय अभ्यासाला आल्यावर. रशियन वैद्यकीय अभ्यासक्रमात क्षयरोगाला स्वतंत्र विषयाचा दर्जा आहे आणि त्याची स्वतंत्र परीक्षा असते. त्याच काळात मी चुवाश लेखकांची चरित्रे वाचत होते आणि यादी वाढतच गेली. इवानोव क्षयाने गेला. सेस्पेलला लहानपणापासून हाडांचा क्षय होता; त्याने १९२२ मध्ये युक्रेनात आत्महत्या केली, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. नाटककार आणि संगीतकार फ्योदोर पाव्लोवही क्षयानेच १९३१ साली सोची येथे वारले. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये. पण त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४३ उजाडले, आणि या दोन सालांच्या मधल्या फटीत चुवाश साहित्याची जवळजवळ पूर्ण पहिली पिढी सापडली. तेव्हा उपचार म्हणून हवा, आहार आणि घोडीच्या दुधाचे आंबवलेले 'कुमिस' एवढेच होते. कुमिससाठी नावाजलेली आरोग्यधामे ज्या भागात होती त्यांत बेलेबेय तालुकाही होता. १९०१ साली अंतोन चेखव लग्नानंतर लगेच पत्नीसह कुमिस प्यायला जिथे गेला, ते अक्स्योनोवो याच तालुक्यातले. त्या वर्षी इवानोव अकरा वर्षांचा होता आणि त्याच तालुक्यातल्या एका खेड्यात शिकत होता. यातून काही सिद्ध होत नाही. पण रशियन रंगभूमीचा एवढा मोठा लेखक ज्या इलाजासाठी तिथवर आला, तो इलाज तिथेच जन्मलेल्या मुलाच्याही कामी आला नाही, हे वाचून मी काही वेळ पुढचे पान उलटू शकले नाही.

सुट्टीत मी उल्यानोव्स्कला जाऊन आले. हेच जुने सिंबिर्स्क. चुवाश लेखकाचे चरित्र समजून घ्यायचे तर या शहराला वळसा घालून जाता येत नाही, कारण सारे काही तिथल्या एका शाळेतून निघाले. इवान याकोव्लेव या अनाथ चुवाश मुलाने १८६८ साली, स्वतः गिम्नाझियममध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, शिकत असताना, गावाकडची काही मुले आपल्या खोलीवर आणून ठेवली आणि त्यांना शिकवायला सुरुवात केली. त्यातून सिंबिर्स्क चुवाश शाळा उभी राहिली. प्रांताचे शाळा निरीक्षक इल्या उल्यानोव, म्हणजे लेनिनचे वडील, यांनी या शाळेला भक्कम पाठिंबा दिला. मी ज्या विद्यापीठात शिकत होते त्याला याच उल्यानोवांचे नाव आहे, आणि ते का आहे हे मला इथे येईपर्यंत कधी विचारावेसे वाटले नव्हते. याकोव्लेवने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला चुवाशसाठी नवी लिपी घडवली. त्या जागी आता संग्रहालय आहे आणि याकोव्लेवचे राहते घरही त्यात सामील आहे. फिरताना माझ्या मनात सतत वर्षांचा हिशेब चालू होता. लिपी तयार झाली आणि 'नर्स्पी' छापले गेले यांत जेमतेम साडेतीन दशके आहेत. ज्या भाषेतली पहिली पिढी नुकती बाराखडी गिरवून मोठी झाली आहे, त्या भाषेत सतरा वर्षांचा मुलगा असे काव्य लिहितो.

याकोव्लेव आणि इवानोव यांचे नाते मला विशेष गुंतागुंतीचे वाटते. इवानोव १९०३ मध्ये शाळेत दाखल झाला. १९०५ च्या क्रांतीची धग विद्यार्थ्यांपर्यंत पोचली होती. १९०७ मध्ये शाळेत असंतोष उफाळला आणि त्यात भाग घेतल्याबद्दल इवानोवला काढून टाकण्यात आले. ज्या शाळेने त्याला काढले तिच्याच संस्थापकाने त्याला थोड्याच दिवसांत परत बोलावून अनुवादाचे काम दिले. रशियन कवी लेर्मोन्तोवच्या 'व्यापारी कलाश्निकोवचे गीत' या काव्याचा चुवाश अनुवाद आणि 'नर्स्पी' ही दोन्ही त्याच सुमारास झालेली कामे. पुढे १९०९ मध्ये त्याने बाहेरून परीक्षा देऊन शिक्षकाची पात्रता मिळवली आणि तो तिथेच चित्रकला शिकवू लागला. छायाचित्रणाचाही त्याला नाद होता. शाळेच्या विद्यार्थ्यांनी रशियन संगीतकार ग्लिंकाच्या ऑपेरातले प्रवेश चुवाशमध्ये सादर केले तेव्हा पडदे रंगवणारा इवानोवच होता. चरित्रांमध्ये ही गोष्ट एखाद्या ओळीत उरकलेली असते. मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण चुवाश रंगभूमी अस्तित्वात येण्यापूर्वी रंगमंचाचा चौकोन आपल्या हातांनी भरणारा हा लेखक होता.

प्रत्यक्ष नाटक लिहिण्याचा प्रयत्नही त्याने केला. 'शुयत्तान चुरी', म्हणजे सैतानाचा गुलाम, ही त्याची पद्य शोकांतिका अपुरी राहिली. ती मी आजींबरोबर वाचली, आणि आजींना ती अजिबात आवडली नाही. त्यांच्या मते सैतान फार बोलतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. 'नर्स्पी'मध्ये वाईट गोष्टी करणारी माणसे आपापल्या दृष्टीने शहाणीच वागतात, बापसुद्धा. इथे वाईटपणा बाहेरून, सैतानाच्या रूपाने येतो, त्यामुळे माणसांना करण्यासारखे कमी उरते. तरीही संवादांची पकड जाणवते, आणि ती कुठे पोचली असती याचा अंदाज बांधण्याचा मोह होतो. इवानोव गेल्यावर तीन वर्षांतच, जानेवारी १९१८ मध्ये, कझान शहरात इओकिम माक्सिमोव-कोश्किन्स्की यांनी रशियन नाटककार ओस्त्रोव्स्कीच्या नाटकाचा चुवाश प्रयोग केला आणि चुवाश व्यावसायिक रंगभूमी सुरू झाली. १९२० मध्ये ती चेबोक्सारीला आली. स्वतः नट, दिग्दर्शक, नाटककार आणि पुढे चुवाश चित्रपटांचेही जनक असलेल्या या माणसाला तेव्हा नाटकांची चणचण होती. ती काही अंशी फ्योदोर पाव्लोव यांनी भरून काढली. पाव्लोवही त्याच सिंबिर्स्क शाळेचे विद्यार्थी, आणि त्यांचे 'याल्ता', म्हणजे 'गावात', हे नाटक आजही चुवाश रंगभूमीचा आधार मानले जाते. सिल्पी गावातला श्रीमंती आणि गरिबीचा पेच पाव्लोवांच्या गावातही आहे, फक्त इथे माणसे गद्यात बोलतात आणि मधूनमधून गातात. ते वाचताना मला इवानोवने अर्ध्यावर टाकलेले काम दुसऱ्या कोणी उचलल्यासारखे वाटले. नाट्यगृहाच्या नावाबद्दलचा माझा जुना प्रश्नही त्या सुमारास आपोआप मागे पडला.

'नर्स्पी' वाचू इच्छिणाऱ्या कोणी मला विचारले, तर मी शाळेच्या उलट क्रम सांगते. पहिल्या प्रकरणातला वसंत नंतर वाचावा. सुरुवात आठव्या प्रकरणापासून, नर्स्पी ताख्तामानच्या गावी पोचते तिथून करावी आणि दहावे, म्हणजे तिच्या गुन्ह्याचे प्रकरण संपेपर्यंत थांबू नये. शक्य असेल तर मोठ्याने वाचावे, आणि शेजारी अक्षरे मोजणारे कोणी असेल तर फारच उत्तम. इंग्रजीतून ओळख करून घ्यायची असेल, तर गेन्नादी आयगी या चुवाश कवीने निवडलेला आणि पीटर फ्रान्स यांनी अनुवादित केलेला चुवाश कवितेचा संग्रह १९९१ मध्ये निघाला आहे, त्यापासून सुरुवात करता येते. मी स्वतः सध्या दवाखान्याच्या कामातून वेळ काढून दहाव्या प्रकरणाचा मराठी मसुदा करते आहे. ओळ सातच अक्षरांची ठेवायची असा हट्ट धरला आहे, आणि सेन्तीचे बोलणे अजून मनासारखे उतरलेले नाही.